मैलमास्तर आणि विलायतेचे विमान

रत्नागिरीच्या शाळेत मी संस्कृत शिकवायला रुजू झालो त्या दिवशी, शिक्षकांच्या खोलीत कोणी "या, बसा" म्हणण्याआधीच एका उंच, किडकिडीत गृहस्थांनी मला विचारले, "साताऱ्याहून इथवर यायला किती वेळ लागला?"

"तीन दिवस," मी म्हणालो.

"तीन दिवस सारखे चालत होतात?"

"छे हो! आगगाडीने कोल्हापूर गाठलं, तिथे मावशीकडे मुक्काम केला, मग मोटारीने घाट उतरून आलो."

"मग तीन दिवस कसे? मावशीकडे पाटावर बसून जेवलात, तेही प्रवासात धरलंत की काय? हललात किती आणि बसलात किती, ते वेगवेगळं सांगायचं."

हे लिमये मास्तर. भूगोल शिकवीत. मुले त्यांना पाठीमागे मैलमास्तर म्हणत आणि ते त्यांना पक्के ठाऊक होते. एकदा कोणीतरी फळ्यावर हे नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवले. मास्तरांनी ते पुसले नाही. 'मैल' या शब्दाखाली रेघ मारून त्यांनी वर्गाला विचारले, "जमिनीचा की समुद्राचा? दोन्ही सारखे नसतात," आणि त्यावरच तासभर शिकवले. आकड्यांचा आणि माझा जन्मापासून छत्तीसाचा आकडा, त्यामुळे हा माणूस आपल्याला झेपायचा नाही असे मी त्याच दिवशी ठरवून टाकले. पुढे बारा-तेरा वर्षे मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर काढली.

त्यांच्या कोटाच्या दोन खिशांत दोन घड्याळे असत. उजवीकडचे आपले आणि डावीकडचे विलायतेचे. आपण वेळ विचारली की ते आधी डावे काढीत, चुकून काढल्यासारखे करीत, आणि मग उजवे. पण डाव्यातली वेळ सांगितल्याशिवाय राहवत नसे. "आपले साडेदहा. तिकडे अजून झुंजूमुंजू झालं असेल हो." त्यांच्या पत्नी, माई, या घड्याळाला सवत म्हणत. दुपारी जेवायला उशीर झाला की स्वयंपाकघरातून आवाज येई, "विलायतेतली माणसं उठली असतील तर आता आपण जेवू या का?"

त्या दिवसांत लंडनहून कराचीपर्यंत विमान येऊ लागले होते. गावाने ही बातमी चार दिवस चघळली आणि गाव पुन्हा आंब्याच्या भावाकडे वळले. मास्तर काही वळले नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ कराचीला गोदीत नोकरीला होता. तो तिकडची वर्तमानपत्रे पाठवी. विमान कुठे कुठे उतरते, कुठे पेट्रोल भरते, रात्री उतारूंना कुठे झोपवतात, हे सारे मास्तर त्यातून वेचून काढीत. लंडनचा विमानतळ आणि कराचीचा विमानतळ यांनी त्यांना असे काही झपाटले होते, की मधल्या सुट्टीत कोणी नुसते "काय मास्तर, काय म्हणतंय विमान?" असे विचारले की घंटा झालेली कोणाला ऐकू येत नसे.

एका सुट्टीत त्यांनी पिशवीतून पपनस काढले. चांगले मोठे, नारळाएवढे. त्यावर शाईने देश काढलेले होते. मग भिंतीवरचा जगाचा नकाशा उतरवून टेबलावर पसरला.

"लंडनपासून कराचीपर्यंत सरळ रेघ मारा," ते मला म्हणाले.

मी मारली. ती तुर्कस्तानावरून, इराकावरून खाली आली.

"आता हा दोरा घ्या. पपनसावर लंडन धरा, कराची धरा, आणि ताणा."

मी दोरा ताणला. तो नकाशातल्या माझ्या रेघेवरून जाईचना. आपसूक वर सरकला आणि पोलंड, रशिया, अफगाणिस्तान असा फिरून कराचीला उतरला. मी तो दोन-तीनदा खाली ओढून पाहिला. खाली ओढला की दोरा अपुरा पडे. मला काव्यातली वक्रोक्ती शिकवता येते, पण वाकडी वाट सरळ वाटेपेक्षा जवळची असते हे त्या दिवशी पहिल्यांदा बोटांना कळले. खरोखर अंगावर काटा आला माझ्या.

"मग विमान असंच येत असेल," मी म्हणालो.

"नाही ना! तीच तर गंमत आहे." मास्तरांचे डोळे चमकत होते. "विमान तिसऱ्याच वाटेने येतं. भूमध्य समुद्र, इराक, मग इराणच्या आखाताच्या काठाकाठाने. दोऱ्याची वाट चार हजार मैलांच्या आतबाहेर, विमानाची पाच हजारांच्या आसपास. कारण दोऱ्याला पेट्रोल लागत नाही, आणि कुणाच्या मुलखावरून जायचं तर परवाना लागत नाही. पृथ्वी काही फार मोठी नाही हो, परवाने मोठे आहेत."

"आणि वेळ किती लागतो?"

"कोणता वेळ? उडण्याचा की पोचण्याचा? उडतं ते पन्नासेक तास. पोचतं आठवड्याने. बाकीचा वेळ ते मावशीकडे जेवत असतं."

खोलीत हशा पिकला. मग मास्तरांनी चाकूने कराची आणि लंडन यांच्या मधोमध पपनस कापले आणि सगळ्यांना फोडी वाटल्या. माझ्या वाट्याला आफ्रिका आली. ती कडू निघाली.

पण त्यांचा खरा पराक्रम पुढचाच. एका सकाळी रत्नागिरीवरून विमान गेले. रत्नागिरीवरून जाणारे ते पहिलेच. घरघर ऐकू येताच शाळा ओस पडली, बायका पदर खोचून अंगणात आल्या, म्हातारी माणसे हात जोडून वर पाहत उभी राहिली. आम्ही सगळे माना वर करून आरडाओरडा करीत असता मास्तर मात्र खाली मान घालून उजव्या घड्याळाकडे बघत होते. विमान मिऱ्याच्या डोंगराजवळ येऊ लागले तेव्हा मला म्हणाले, "आलं की सांगा." भाट्याच्या खाडीकडे निघाले तेव्हा म्हणाले, "गेलं की सांगा." मग पुटपुटत हिशेब केला आणि "ताशी शंभर मैल, थोडं कमीच," असे समाधानाने सांगितले.

"ते राहू द्या. पण दिसलं कसं?" मी विचारले.

मास्तर माझ्याकडे पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, "अहो, बघायला सवड कुठे होती?"

माईंनी हे ऐकले तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. "आमच्या लग्नातदेखील अंतरपाट किती वेळ धरला ते सांगतील. माझं तोंड केव्हा बघितलं ते विचारा!"

मी राहत असे नानासाहेब वकिलांच्या आवारात, दोन खोल्या भाड्याने घेऊन. मास्तरांचे घर पलीकडच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून. नानासाहेबांचा एकुलता एक मुलगा श्रीधर बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेला होता. त्याची आई, राधावहिनी, मोठ्या बोलक्या आणि मोठ्या चौकस. पावस गावाच्या पलीकडे त्या उभ्या जन्मात गेल्या नव्हत्या, पण मास्तर पपनसावर जग दाखवू लागले की असे प्रश्न विचारीत की मास्तर खूष होऊन जात. "ते विमान ढगात शिरलं की आतली माणसं भिजतात का हो?" "वर असताना कुणाला शिंक आली तर खाली पडते का वरच राहते?" मास्तर म्हणत, माझ्या सबंध मॅट्रिकच्या वर्गात असा एक विद्यार्थी नाही.

त्या वर्षी आषाढात वहिनींनी अंथरूण धरले. डॉक्टरांनी नानासाहेबांना बाजूला घेऊन सांगितले, "महिना काढतील असं वाटत नाही. मुलाला बोलावून घ्या." बोटीने येतो म्हटले तर विलायतेहून मुंबईलाच तीन आठवडे. नानासाहेबांनी मास्तरांना हाक मारली.

मास्तर आले. कोणत्या वारी विमान निघते, कुठे किती थांबते, कराचीहून मुंबईला टपालाच्या विमानात एखाद्या उतारूला जागा मिळते ती कधी, हे सगळे त्यांनी नानासाहेबांच्या ओटीवर बसून जुळवले. वहिनींना इंग्रजी तारखा कळत नसत. म्हणून शेवटी त्यांनी पंचांग मागितले आणि सारे तिथ्यांत बसवून दिले. या तिथीला निघेल, या तिथीला कराची, त्रयोदशीला मुंबई. पुढे मुंबई ते रत्नागिरी बोट.

पावसाळ्यात इथली बोट बंद असते. समुद्र खवळलेला असतो, आणि बोट नाही म्हणजे कोकणाला मुंबई नाही. पण बोट कधी सुरू होते हे गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच येई: नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की. आदल्याच वर्षी तसेच झाले होते. नारळ पडला आणि दोन-तीन दिवसांत बोटीचा भोंगा वाजला. तेव्हा मास्तरांनी पौर्णिमेवर बोट ठेवले. नानासाहेबांनी मान हलवली, मीही हलवली. विलायतेला तार गेली की विमानाने नीघ, मुंबईहून पौर्णिमेची बोट धर.

मास्तर आत गेले आणि वहिनींना म्हणाले, "वहिनी, पुनवेला संध्याकाळी श्रीधर तुमच्यापुढे बसून नारळीभात खाईल."

"नक्की का?" वहिनींनी विचारले.

"मी कधी अंदाजे सांगतो का?"

"तेवढे दिवस मग मी काढत्ये," वहिनी म्हणाल्या.

श्रीधर निघाल्याची तार आली आणि त्या दिवसापासून मास्तर रोज शाळा सुटली की वहिनींच्या खोलीत जाऊन बसू लागले. वहिनी डोळे उघडून विचारीत, "आज कुठे?" आणि मास्तर सांगत. आज बर्फाचे डोंगर लागले. आज समुद्रावर आहे. आज इराकात वाळूत उतरला, रात्री तिथेच निजेल, अंधारात विमान चालवीत नाहीत. वहिनींना बोलताना धाप लागे, पण प्रश्न काही सुटत नसत.

"वाळूत प्यायला पाणी असतं का?"

"बरोबर भरून नेतात."

"आणि तिकडे आता किती वाजले?"

मास्तरांनी दोन्ही घड्याळे काढली आणि मधला आकडा सांगितला. मग म्हणाले, "पूर्वेकडे येणाऱ्याचा दिवस लहान होतो, वहिनी. तो सूर्याला सामोरा येतोय. त्याची सकाळ रोज आदल्या दिवसापेक्षा लवकर होते."

वहिनींनी हे मनाशी जुळवून पाहिले. "म्हणजे तोही घाई करतोय आणि सूर्यही," त्या म्हणाल्या आणि हसल्या. डॉक्टरांना नवल वाटत होते. त्यांनी औषध बदलले नव्हते, पण बाई तग धरून होत्या. आठवडाभर ती आजाऱ्याची खोली आहे असे वाटलेच नाही. मला तर घरी जाऊन बसवेना. आज कुठे, हे ऐकायला मीही दाराशी उभा राहत असे. कराचीहून तार आली ती मास्तरांनी सांगितलेल्या तिथीला. मुंबईहून आली तीही. नानासाहेबांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले.

पौर्णिमेच्या सकाळी मास्तर आणि मी बंदरावर गेलो. बोट किती वाजता लागेल ते मुकादमाला विचारून ठेवावे, वहिनींना नेमके सांगता येईल, म्हणून. बंदरावर नारळ घेऊन माणसे जमली होती. ढोल वाजत होते. मुकादम होडीच्या काठावर बसला होता.

"कुठली बोट, मास्तर?" तो म्हणाला.

"मुंबईची. आजपासून सुरू ना?"

"पुनव आमची, मास्तर. कंपनीला पुनव ठाऊक नाय. तिची इंग्रजी तारीख ठरल्येली, ती यायला अजून पंधरवडा हाय. गेल्या साली धोंड्याचा महिना आला, पुनव लांबली, म्हणून दोन्ही एका ठिकाणी पडली. यंदा पुनव आधी आली."

मास्तर तसेच मागे फिरले. परत येताना अर्ध्या वाटेवर थांबले, गडग्यावर हात टेकला आणि म्हणाले, "सगळं जग इंग्रजी तारखांनी मोजलं मी. घराजवळ आलो आणि पंचांग उघडलं."

आम्ही पोचलो तेव्हा नानासाहेब ओटीवर तार हातात घेऊन बसले होते. बोट नाही, कोल्हापूरवरून येतो. श्रीधर त्रयोदशीलाच मुंबईत उतरला होता. पुढे कळले की बंदरावर लोकांनी त्याला बोट नाही असे सांगितले होते, पण वडिलांनी तारेत लिहिले आहे म्हणजे काहीतरी सोय केली असेल, अशा समजुतीने तो दोन दिवस थांबून राहिला होता. तेच दोन दिवस त्याने आगगाडीत आणि घाटात घातले असते तर तो या वेळी आमच्यापुढे उभा असता. हे हिशेब करून सांगण्याची गरज नव्हती. माझ्यासारख्यालाही करता येण्याजोगा तो हिशेब होता.

डॉक्टर आतून बाहेर आले आणि म्हणाले, "आजचा दिवस. तोही पुरा निघेल असं नाही."

आतून वहिनींचा आवाज आला. फार बारीक झाला होता. "मास्तर आले का? आज कुठे?"

नानासाहेबांनी मान खाली घातली. मास्तर ओटीवर क्षणभर उभे राहिले. मला वाटले, आता हा माणूस आत जाऊन खरे सांगणार. पाव तास इकडचा तिकडे झालेला त्याला खपत नाही, दुसरे काही त्याला यायचे नाही. मी त्यांचा हात धरणार होतो. ते आत गेले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बोटीत बसला, वहिनी. पहाटेच सुटली. हर्णै मागे पडलं."

दुपारभर ते तिथून हलले नाहीत. वहिनींची ग्लानी उतरली की त्या ओठ हलवीत आणि मास्तर बोट पुढे नेत. दाभोळ आलं. खाडीच्या तोंडाशी जरा हलते, पण श्रीधरला काही होत नाही, वरच उभा आहे. आता बोऱ्या. आता जयगड, दीपस्तंभ दिसतोय. घड्याळे दोन्ही खिशांत होती, त्यांनी एकदाही बाहेर काढली नाहीत. बाहेर पाऊस थांबून ऊन पडले होते. नानासाहेब पत्नीच्या उशाशी बसून मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते. मी दाराशी होतो. ती बोट नाही हे आम्हा तिघांना ठाऊक होते, आणि तरी खोटे कशाला सांगू, जयगड आल्यावर मलाही हायसे वाटले.

दिवेलागणीच्या सुमारास वहिनींनी डोळे उघडले. "लागली का?"

"मिऱ्याला वळसा घातला. भगवतीचा किल्ला समोर आहे. नांगर टाकला, वहिनी."

आमच्याकडे बोट धक्क्याला लागत नाही. ती समुद्रातच उभी राहते आणि उतारूंना पडावातून किनाऱ्याला आणतात. वहिनींना ते माहीत होते. मुलाला विलायतेला पोचवायला त्या बंदरावर गेल्या होत्या.

"पडाव हलतो फार," त्या म्हणाल्या. "सांभाळून उतर म्हणावं."

"सांगितलंय त्याला," मास्तर म्हणाले.

यानंतर वहिनी बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने नानासाहेबांनी त्यांचा हात हातातून खाली ठेवला.

श्रीधर तिसऱ्या दिवशी आला. घाटात दरड कोसळली होती, तिथे मोटार सोडून तो चिखल तुडवीत आला होता. विलायती पाटलोण गुडघ्यापर्यंत लाल झाली होती. नानासाहेबांनी त्याला सगळे सांगितले असावे. संध्याकाळी तो मास्तरांच्या अंगणात आला. मास्तर उठून उभे राहिले. त्यांना काहीतरी सांगायचे होते. माई दाराआड उभ्या होत्या.

श्रीधरनेच विचारले, "मी कुठपर्यंत आलो होतो, मास्तर?"

"पडावात बसला होतास," मास्तर म्हणाले.

श्रीधर पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मास्तर त्याच्या शेजारी बसले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतरही मास्तर भूगोल शिकवीत राहिले. विमाने सुधारली, वेगाने येऊ लागली, लंडन आणि कराची पूर्वीपेक्षा जवळ आली. मास्तर ती अंतरे वर्गात चोख सांगत. पण कोणी "मी केव्हा पोचेन?" असे विचारले, तर "कोणता महिना आहे? उतरून पुढे जायचं कुठे?" असे विचारीत आणि उत्तर मिळाले तरी गप्प राहत. मला त्यांचा फार लोभ होता. तो तेव्हा बोलून दाखवायला हवा होता, पण आम्ही शिक्षक एकमेकांना असले काही म्हणत नाही.

माझी बदली झाली तेव्हा ते बंदरावर आले होते. थंडीचे दिवस होते, समुद्र शांत होता. मी पडावात बसलो. वल्ही पडली. काहीतरी बोलायचे म्हणून मी ओरडून विचारले, "मास्तर, मुंबई केव्हा येईल?"

त्यांनी कानामागे हात धरला, ऐकले आणि उलट ओरडून सांगितले, "पोचलात की कळवा!"

मग पडाव बोटीला लागून माझा पाय शिडीवर पडेपर्यंत ते धक्क्यावरून हलले नाहीत.